जाधवबाईंना काहीच कळत नाही

आमच्या शाळेत भूगोलाच्या तासाला पोरं शिकवतात आणि बाई शेवटच्या बाकावर बसतात. त्या बाई म्हणजे जाधवबाई. खडू पोरांच्या हातात आणि दर दोन मिनिटांनी बाईंचा हात वर, "मला नाही कळलं. परत सांग!"

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवते. माझ्या तासाला पंख्याची कुरकुर ऐकू येते, अशी शिस्त. आणि भिंतीपलीकडे नुसता मासळीबाजार! एकदा रागारागाने डोकावले, तर सातवीतला जिग्नेश सूर्य होऊन टेबलावर उभा आणि पृथ्वी झालेली शबाना त्याच्याभोवती गरगरतेय.

"टीचर, अब आपके घर में रात हुई," ती धापा टाकत म्हणाली.

"मग जिग्नेश विझला का? मला नाही कळलं."

जिग्नेश असा भडकला! "बुझा नहीं टीचर, मैं तो इधरीच है! आप घूम गये!"

बाहेरही तेच. मेथी कशी निवडायची हे भाजीवाल्याला विचारतील, पुन्हा पुन्हा विचारतील. चांगली एमए बीएड झालेली बाई! चारचौघांत 'नाही कळलं' म्हणायची लाज कशी वाटत नाही, देव जाणे.

शेवटी व्हायचं तेच झालं. पालकसभेत एक पप्पा उठले. "मॅडम को कुछ आता ही नहीं. मेरा बेटा रोज बोलता है, आज फिर टीचर को पढ़ाया!" सभेत खसखस पिकली. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. "सावंत मॅडम, तुम्हीच समजवा. सोमवारपासून सरळ फळ्यावर शिकवा म्हणावं." मला तर तेच हवं होतं.

रविवारी मी भाईंदर पश्चिमेला त्यांच्या घरी गेले. यजमान खुर्चीत बसले होते. तेही भूगोलाचेच मास्तर, एवढं ठाऊक होतं. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेलीय, हे मात्र बाईंनी शाळेत कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्टुलावर पेटती बॅटरी, बाजूला एक लिंबू, आणि बाई जमिनीवर मांडी घालून. "रात्र कशी होते? मला नाही कळलं, परत सांगा."

सरांनी लिंबू उचललं. ओठ हलले, शब्द फुटेना. मला मेलीला राहवलं नाही. "पृथ्वी!" मी सांगून टाकलं.

सरांनी लिंबू खाली ठेवलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

स्वयंपाकघरात चहा ओतताना बाई म्हणाल्या, "रागावू नका हं. येणारा प्रत्येक जण ह्यांचं वाक्य पुरं करतो, 'कळलं, कळलं' म्हणतो आणि उठतो. मग हे बोलायचेच बंद झाले. 'नाही कळलं' ही युक्ती मूळची ह्यांचीच. पोरांना बोलतं करायला वर्गात वापरायचे. शाळेत मी ती चालवते आणि घरी ह्यांच्यावरच चालवते. आता कुठे शब्द येतायत."

मुख्याध्यापकांचा निरोप मी चहाबरोबर गिळला. बाहेर आले आणि सरांसमोर जमिनीवर बसले. लिंबू त्यांच्या हातात दिलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. फार कठीण गेलं हो!

बराच वेळ गेला. "सूर्य..." लिंबू हळूहळू फिरलं. सरांच्या कपाळावर घाम आला होता. "इथंच... आहे."

डोळे भरून आले माझे. सर माझ्याकडे बघत होते.

"क... कळलं?"

उभ्या जन्मात माझ्या तोंडून जे कधी निघालं नव्हतं, ते निघालं. "नाही कळलं, सर. परत सांगा."

सर हसले आणि त्यांनी लिंबू पुन्हा बॅटरीसमोर धरलं.