फुकटचे सॉफ्टवेअर आणि टाकीचा सांधा

जी वस्तू फुकट मिळते, ती बिघडल्यास नोटीस कोणाला पाठवायची हे ठरत नाही. आणि जिच्यापायी कोणालाच नोटीस पाठवता येत नाही, अशी वस्तू सरकारी कार्यालयात ठेवणे धोक्याचे असते. ग्वाल्हेरच्या सुनंदा खेर या अभियंता बाईंना हे शहाणपण जरा उशिरा आले.

त्या वर्षी इमारतींचे खाते आणि पाण्याचे खाते एक करण्यात आले. या सुधारणेचे नाव 'एकीकरण व पुनर्रचना'. एकीकरण म्हणजे दोन्ही साहेबांची टेबले एका खोलीत आली. पुनर्रचना म्हणजे मध्ये कपाट उभे राहिले. अलीकडे इमारतींचे जगदेवराव कदम, पलीकडे पाण्याचे मिश्राजी. दोघांचे संबंध अत्यंत सलोख्याचे होते, कारण ते बोलत नसत.

कंपू मोहल्ल्यातली पाण्याची नवी उंच टाकी हे एकीकरणाचे पहिले अपत्य. तिचा तळ जगदेवरावांनी आखला, भिंत मिश्राजींनी. टाकीला रंग लागला, उद्घाटनाची फरशी कोरून आली. पाणी भरण्याआधी फक्त मजबुतीचे प्रमाणपत्र हवे होते. ते कोणी वाचत नसे, म्हणून ते काम सुनंदाकडे होते.

तिने ते मनापासून करायला घेतले, इथेच बिघडले. कार्यालयाच्या विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला होता आणि तो कोणत्या खात्याने नवा करायचा यावर विचार चालू होता. तेव्हा तिने ओपन सोर्स सॉफ्टवेअर उतरवून घेतले. देशोदेशीच्या गणित्यांनी ते फावल्या वेळात लिहिलेले. कोणीही घ्यावे, आत डोकवावे, चूक दिसली तर दाखवावी. (अशा कारभाराची सवय नसल्याने कार्यालयात त्याला काही दिवस व्हायरस समजले गेले.) हे सॉफ्टवेअर टाकीचे हजारो चिमुकले त्रिकोण करते, प्रत्येकावर पाण्याचा किती रेटा आणि शेजाऱ्याचा किती आधार याचे समीकरण मांडते, आणि सगळी एकदम सोडवून रंगीत चित्र काढते. हिरवे ते ठीक, लाल ते तुटणार.

चित्र आले. टाकी हिरवीगार होती. फक्त भिंत जिथे तळाला मिळते तिथे लाल कडे उमटले होते. सुनंदाने नकाशे काढून पाहिले. तळाच्या नकाशात 'सांधा भिंतीच्या नकाशात पाहावा' असे होते, भिंतीच्या नकाशात 'तळाच्या'. सांधा कोणीच आखला नव्हता. टाकीखालच्या गल्लीत तिच्या आईची मैत्रीण विजयाबाई राहत होती.

ताबडतोब बैठक झाली, म्हणजे कपाट थोडे सरकवण्यात आले.

"टाकी भरली तर सांधा फुटेल, सर," सुनंदा म्हणाली.

जगदेवराव घरोब्यातले. कार्यालयाबाहेर ती त्यांना काकाच म्हणे. त्यांनी टिपण शांतपणे वाचले. "हे 'आंशिक अवकल समीकरणे' काय आहे? आंशिक कशाला? आता एकीकरण झालंय. पूर्ण करा."

"गणितात त्याचं नावच तसं आहे, सर."

"नाव असेल. पण ऑडिटला काय सांगू, अर्धवट समीकरणावर टाकी अडवली?"

मिश्राजींनी चित्र उलटसुलट करून पाहिले. "मैडम, ये लाल थोड़ा कम हो सकता है क्या? उद्घाटन में बाहर के लोग आएँगे."

लाल कमी होऊ शकत होते. त्रिकोण मोठे घेतले की लहानसहान ताण त्यांत दिसेनासे होतात, हे सुनंदाने प्रामाणिकपणे सांगितले आणि पस्तावली. तिथल्या तिथे त्रिकोण मोठे करवण्यात आले. लाल गेले.

"म्हणजे दोष टाकीत नव्हता," जगदेवरावांचा चेहरा उजळला, "त्रिकोणांत होता. बारीक पाहायची खोड वाईट, बेटा. घे, सही करून टाक."

 सुनंदाने पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले. "करते, काका. पण खाली तुम्ही लिहून द्या, की सांधा तुमचा."



"सांधा पाण्याच्या खात्याचा," जगदेवराव म्हणाले.

"जोड़ तो बिल्डिंग का होता है," मिश्राजी म्हणाले.

एकीकरणानंतर दोघे इतका वेळ एकमेकांशी प्रथमच बोलले. सांधा कोणीच घेतला नाही, म्हणून सही झाली नाही. फरशी कोरलेली असल्याने उद्घाटनही रद्द करता येईना. शेवटी कपाटावरून एकमत झाले: टाकी निम्मीच भरावी. सुनंदाने रात्र जागून पुन्हा बारीक त्रिकोणांनी हिशेब केला. निम्म्या पाण्याला कडे हिरवे राहत होते. 'दुरुस्ती होईपर्यंत' असे लिहून तिने सही केली. हार घातले गेले, नळ सुटले, टाकी उभी राहिली. दुरुस्ती सांध्याचे खाते निश्चित झाल्यावर होणार आहे.

महिन्याभराने विजयाबाईंनी तिला रस्त्यात गाठले. "तुझ्या कॉम्प्युटरपायी पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही म्हणतात. मोहल्ल्यानं तुझी शिकायत केलीय. मीपण सही केली, सगळ्यांनी केली तर मी कशी नाही करणार?"

"मावशी, भरली असती तर टाकी तुमच्या अंगावर आली असती. सगळा हिशेब वेबसाइटवर टाकलाय, कोणीही उघडून बघावा."

"अगं, ते बघायला सरकार आहे. आम्ही नळ बघतो."

सुनंदा हसली. पुढे तिची बदली उद्यान शाखेत झाली, जिथे सांधे नसतात.

टाकीचे नकाशे आणि लाल कड्याचे चित्र नागरिकांच्या हरकतींसाठी आजही खुली आहेत. अद्याप ती कोणी उघडलेली नाहीत. नागरिकांचा पूर्ण विश्वास असल्याची नोंद कार्यालयाने घेतली आहे. आपल्या घराजवळही टाकी असेलच. तिचा हिशेब आपण पाहिलेला असणार, म्हणून त्याबद्दल येथे वेगळा खुलासा करण्यात आलेला नाही.