शेवंतीसाठी कॉलेज पाहणे आहे

मुलीला घराबाहेर पाठवण्याची आपल्याकडे एकच मान्यताप्राप्त पद्धत आहे, आणि तिला लग्न म्हणतात. ही पद्धत शेकडो वर्षे तावूनसुलाखून निघाल्यामुळे तिच्यात सुधारणेला वाव नाही. (ज्यांनी सुधारणा सुचवल्या, त्यांच्या मुली घरीच राहिल्या असे सांगतात.)

१९५४ च्या जूनमध्ये कळव्याच्या दामाजीची शेवंती मॅट्रिक झाली आणि गणितात सगळ्या शाळेत पहिली आली. तिच्या शिक्षिका सुमतीबाई मुद्दाम ठाण्याहून खाडी ओलांडून घरी आल्या.

"हिला कॉलेजात घालाच," त्या म्हणाल्या.

मिठागर गेल्यापासून दामाजीकडे रोकड नव्हती, जमीन तेवढी होती, पण जमीन फीमध्ये कोणी जमा करून घेत नाही. शिष्यवृत्ती मिळाली तरच शेवंती जाणार होती, हे सर्वांना ठाऊक होते.

"गणितात हुशार असणाऱ्यांना मदत देणारी तीन कॉलेजं मला माहीत आहेत," सुमतीबाई म्हणाल्या. "तुम्ही एकदा बघून या."

"बघून तर यावंच लागंल, बाई. न बघता पोर कशी द्यायची?"

सुमतीबाईंना हा अलंकार वाटला. तो अलंकार नव्हता.

त्या गावातून तोवर एकही मुलगी कॉलेजात गेलेली नव्हती, त्यामुळे नियम उपलब्ध नव्हता. जेथे नियम नसेल तेथे सर्वांत जवळचा नियम योग्य त्या फेरफारांसह लावावा, हे कोणत्याही कचेरीत सांगतील. दामाजीने तेच केले. तीन स्थळांची पाहणी करण्यासाठी समिती नेमण्यात आली. अध्यक्ष दामाजीचा थोरला भाऊ नाथा (कोर्टाच्या कामाने मुंबईला जाऊन आलेला, म्हणून शिक्षणतज्ज्ञ). सदस्य दामाजी स्वतः आणि ठमाबाई. ठमाबाई धवलारीण होती. तिने गाणी म्हटल्याशिवाय गावात एकही लग्न लागत नसे, तेव्हा तिला वगळले असते तर निवडच बेकायदा ठरली असती. शेवंतीला समितीत घेतले नाही. प्रकरणात तिचे हितसंबंध गुंतलेले होते.

पहिले स्थळ पुण्याचे. कॉलेज नामांकित, गणिताची परंपरा मोठी.

"घाटावर पोर द्यायची नाय," ठमाबाई म्हणाली.

पाहणीची गरज उरली नाही. (प्रवासखर्चात शंभर टक्के बचत.)

दुसरे स्थळ मुंबईचे, दगडी, जुन्या घराण्याचे. समितीने तेथे खांब पुष्कळ पाहिले, बसायला मात्र कोणी सांगितले नाही. शिष्यवृत्तीचे विचारल्यावर खिडकीतून उत्तर आले, "अर्ज टाका, मग बघू."

"घर मोठं, पन मानसं तुटक," नाथाने जिना उतरता उतरता अहवाल दिला.

तिसरे उपनगरातले, नवे. छप्पर पत्र्याचे. पण गणिताचे प्राध्यापक स्वतः बाहेर आले, तिघांना बाकावर बसवून पाणी दिले.

"कॉलेजचं वय काय?" ठमाबाईने विचारले.

"सात वर्षं झाली."

"लहान हाय, पन वाढतं हाय," ती नाथाच्या कानात म्हणाली.

"मुलीला गोडी कशात जास्त?" प्राध्यापकांनी विचारले. "बीजगणितात की भूमितीत?"

दामाजीला यातले काहीच ठाऊक नव्हते. "दोन्ही करते. कशाला नाय म्हनत नाय," तो म्हणाला. स्वयंपाक शाकाहारी येतो की मासळीचा, या प्रश्नाला मुलीचे बाप देतात तेच हे उत्तर, आणि ते आजवर कधी चुकलेले नाही.

प्राध्यापक खूश झाले. फी पूर्ण माफ, पुस्तके कॉलेजची. जागा मात्र एकच, आणि महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. दामाजीच्या समाजात मुलीच्या बापाने काही द्यायचे नसे. मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचे, त्याला देज म्हणत. शिष्यवृत्ती हे देजच आहे आणि ते घसघशीत आहे, याबद्दल समितीत एकमत झाले. पण देज ठरण्याआधी मुलाकडच्यांनी मुलीच्या दारी मागणी घालायला यावे लागते. मुलीचा बाप उठून 'घ्या माझी पोर' म्हणायला जात नाही. गेला तर पोरीत काही खोट आहे, असे धरले जाते. तेव्हा समिती घरी आली, आणि कॉलेजची वाट पाहू लागली.

कमळाबाईने, म्हणजे शेवंतीच्या आईने, ओटी सारवली. तांदळाचे पीठ दळून ठेवले. कॉलेज आले नाही. महिना संपत आला, तरी आले नाही. शेवंती रोज ओटीवर बसून गणिते सोडवी आणि मध्येच रस्त्याकडे बघे. दामाजीला ते दिसे. तो मग उगाच गोठ्यात जाऊन येई.

शेवटी सुमतीबाईच आल्या. "होकार कळवलात ना?"

"कलवायचं त्यांनी. आमी पोरीवाले."

"अहो दामाजीराव, कॉलेज कुणाच्या घरी येत नाही. उद्या शेवटचा दिवस आहे!"

"मंग त्यांची पसंती हाय का नाय, ते कलायचं कसं?"

या प्रश्नाला शिक्षणखात्याकडे अजून उत्तर नाही.

"दामा, तू गेलास ना," नाथाने बजावले, "तर जनमभर मान खाली. पोर जड झाली म्हनून टाकली, असंच बोलतील."

पद्धतीत एक शेवटचे कलम शिल्लक होते: मुलीला विचारणे. या कलमाखाली मुलगी खाली बघते आणि तो होकार समजला जातो.

"काय गो पोरी," ठमाबाई म्हणाली, "पसंत हाय काय?"

शेवंतीने वर बघितले.

"पसंत हाय, आजे. बाबांना जायला लाज वाटत असंल तर मी जाते सांगायला."

याला पूर्वोदाहरण नव्हते. नाथाने खाकरून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दामाजी लग्नातला कोट घालून निघाला. कॉलेजात पोचल्यावर त्याने टोपी काढली, हातात धरली आणि उभ्यानेच म्हणाला, "पोर घ्या आमची. आमाला पसंत हाय."

प्राध्यापकांनी शेवंतीचे नाव लिहून घेतले.

"एक इचारू, साहेब? मागायला का नाय आलात?"

प्राध्यापकांनी थोडा विचार केला. "चुकलंच आमचं," ते म्हणाले.

दामाजीने पोर टाकली, असे गाव वर्षभर बोलले. त्याने ऐकून घेतले. शेवंती शिकत होती तोवर दर सहामाहीनंतर तो कॉलेजात जाई, गणिताच्या वर्गाबाहेर उभा राही, आणि "बरी नांदते ना?" एवढे विचारून परत येई.

त्याच वर्षी ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या सुशिक्षित घरांतूनही गणितात हुशार असलेल्या बऱ्याच मुली मॅट्रिक झाल्या. त्यांचे वडील पदवीधर होते. शिष्यवृत्ती म्हणजे काय, मुदत म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती. त्यांनी समिती नेमली नाही, कॉलेजला वय विचारले नाही, कोणापुढे टोपी काढली नाही. वरणभातावर तूप वाढून होईपर्यंत, "पुरे झालं आता" या तीन शब्दांत, त्यांनी प्रकरणे निकालात काढली. त्यांत कुठेही हसण्यासारखे काही घडले नाही, म्हणून त्यांच्या कथा होत नाहीत.

त्यांच्यापैकी एखादी आपल्या ओळखीची असण्याचा संभव आहे. हे वाचताना आपल्यापुढे ज्यांनी चहा आणून ठेवला, त्यांना शाळेत गणितात किती मार्क पडत, ते सहज विचारून पाहावे. चहा मात्र आधी पिऊन घ्यावा. उत्तर यायला वेळ लागेल.