चौथ्या प्रयत्नाची मंजुरी

धोका पत्करायचा की नाही हे ठरवणारा माणूस धोक्यापासून जितका लांब, तितका त्याचा निर्णय निर्दोष असतो. जगातल्या सगळ्या टिकाऊ संस्था याच पायावर उभ्या आहेत. सुरतेत भेस्तानला खान्देशी मंडळींचं जे उन्नती मंडळ आहे, त्याने तर हे अंतर चांगलं सव्वादोनशे किलोमीटर ठेवलं आहे. सभासद तीस-तीस वर्षं सुरतेत राहतात. निर्णय मात्र अजून शिंदखेड्याकडच्या गावीच राहतो. त्याला फोन करून विचारावं लागतं.

या मंडळाने दोन वर्षांपूर्वी मुलींचा फ्लॅग फुटबॉलचा संघ काढला. (आधी भजनी मंडळ काढायचं ठरत होतं, पण पेटीवाला कामरेजला राहायला गेला.) हा अमेरिकन फुटबॉलचा सोज्वळ धाकटा भाऊ. यात कोणी कोणाला आडवं पाडत नाही. कमरेला दोन फडकी लोंबतात. चेंडू घेऊन पळणारीचं फडकं खेचलं की एक प्रयत्न संपला. पलीकडची शेवटची रेषा ओलांडून गुण मिळवायला असे चार प्रयत्न. तीन वाया गेले की खरी कसोटी लागते: चौथा प्रयत्न खेळायचा, आणि फसला तर चेंडू आहे तिथेच समोरच्यांच्या हाती द्यायचा, की धोका न घेता तो आपणहूनच त्यांना देऊन टाकायचा, म्हणजे त्यांना पार दुसऱ्या टोकापासून सुरुवात करावी लागते. हे ठरवायला तीस सेकंद मिळतात.

संघाचे व्यवस्थापक भाईदास. सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात साड्यांच्या घडीच्या खात्यात मुकादम, मनाने लोण्यासारखे, आणि आजवर एकही चूक न केलेले, कारण आजवर एकही निर्णय न घेतलेले. घरात फ्रिज घ्यायचा प्रश्न त्यांनी दोन उन्हाळे गावाकडे पाठवला होता. कोणीही काहीही विचारलं की त्यांचं उत्तर तयार असे, "घरी विचारून सांगतो." घर म्हणजे गाव, आणि गाव म्हणजे त्यांचे चुलते विठ्ठलआबा. फडकी साड्यांच्या कातरणाची भाईदासांनीच आणली, शिट्टी आणि टोपी मंडळाने दिली, आणि चौथ्या प्रयत्नाची कार्यपद्धती सर्वानुमते मंजूर झाली. ती अशी: कप्तान हात वर करील, चिटणीस गजेंद्र वहीत विषय लिहून घेईल, व्यवस्थापक आबांना फोन लावतील, आबा चार भाऊबंदांना विचारून कळवतील. एवढं सगळं तीस सेकंदांत बसत नाही, हा खेळाच्या नियमांतला दोष आहे आणि मंडळाने तो आयोजकांना लेखी कळवलेला आहे.

हंगामात चौथ्या प्रयत्नाची वेळ एकतीस वेळा आली. फोन एकतीस वेळा लागला. चौदा वेळा आबांनी उचलला नाही, नऊ वेळा ते मळ्यात होते, पाच वेळा रेंज नव्हती, दोनदा ते गोऱ्ह्याच्या सौद्यात गुंतले होते आणि एकदा नातवाने उचलून मोराचा आवाज काढून दाखवला. एकतीसही वेळा चेंडू सन्मानाने समोरच्यांना देण्यात आला. तरी संघ अंतिम सामन्यात पोचला. मुली हुशार; चौथा प्रयत्न आपल्या नशिबात नाही हे ओळखून त्या तीन प्रयत्नांतच काम उरकायला शिकल्या. मंडळाने हे आपल्या धोरणाचं यश म्हणून अहवालात नोंदवलं.

संघाची कप्तान योगिता, म्हणजे भाईदासांचीच मुलगी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. अंतिम सामना जिंकणाऱ्या कप्तानाला वडोदऱ्याच्या सहा महिन्यांच्या शिबिरात जागा मिळणार होती, आणि फॉर्मवर पालकांची सही हवी होती. इकडे शहाद्याचं एक स्थळ रविवारी बोलणी करायला येऊ म्हणत होतं. भाईदास दोन्हीलाही नाही म्हणाले नव्हते आणि हो तर नव्हतेच. खरं सांगायचं तर पोरीने वडोदऱ्याला जावं असं त्यांना फार वाटत होतं. इतकं की त्या वाटण्याची त्यांना भीतीच वाटायची. शेवटी योगिता हटूनच बसली, तेव्हा ते म्हणाले, "जिंकलात तर सही करतो." म्हणजे हाही निर्णय त्यांनी चेंडूवर ढकलला.

सामना कामरेजच्या मैदानावर झाला. शेवटचं मिनिट चालू होतं, आपला संघ एका गुणाने मागे, शेवटची रेषा एका पावलावर, आणि तीन प्रयत्न संपलेले. चेंडू देऊन टाकला तर हार नक्की. कोणीही शहाण्या माणसाने काय केलं असतं? भाईदासांनी फोन लावला.

आधी सायबर फसवणुकीपासून सावध राहण्याची सूचना लागली. अनोळखी माणसांच्या बोलण्याला भुलू नका वगैरे. भाईदासांनी ती आदराने ऐकून घेतली. गजेंद्रने वहीत लिहिलं, "विषय क्रमांक एक: चौथा प्रयत्न," आणि त्याच्याखाली रेघ ओढली.

"काका, टाइम जाय छे," पंच ओरडला. "रमवानुं छे के नथी?"

"एक मिनिट, खेळायचं की नाही तेच विचारतोय, रिंग जाते आहे!" भाईदास म्हणाले.

"पप्पा, फोन ठेवा," योगिता म्हणाली.

"थांब गं, आबा उचलतीलच. ते काय म्हणतात बघू तरी."

योगिताने वडिलांकडे एकदा नीट पाहिलं. "आबांच्या कमरेला फडकं आहे का, पप्पा?"

या मुद्द्यावर कार्यपद्धतीत काहीच तरतूद नव्हती. तेवढ्यात पोरीने पाठ फिरवली, चेंडू मागवला, दोन पावलं मागे सरकली आणि कोपऱ्यात धावणाऱ्या नीलमकडे फेकला. नीलमने तो रेषेच्या पलीकडे छातीशी धरला. सामना जिंकला.

भाईदास नाचले. फोन तसाच खिशात कोंबला, टोपी उडवली, शिट्टी फुंकली, गजेंद्रला मिठी मारली, आणि ओक्साबोक्शी रडलेसुद्धा. गजेंद्र मात्र कर्तव्याला चुकला नाही. त्याने वहीत लिहिलं, "सदर प्रयत्नास कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे," आणि वेळ दोन मिनिटं आधीची टाकली.

तेव्हा कुठे खिशातून आवाज आला. आबांनी फोन उचलला होता. भाईदासांनी डोळे पुसले आणि एका दमात सगळंच विचारून टाकलं: चौथा प्रयत्न, वडोदरा, शहाद्याची मंडळी.

"माले काय इचारस रे भाईदास?" आबा म्हणाले. "तुनी पोर शे ना ती? तुमना सुरतवालासना इचार काय शे, आम्ही तं आठे त्यानीच वाट देखतस. तीस वरीस व्हयनात."

म्हणजे सुरत गावाच्या तोंडाकडे बघत होती आणि गाव सुरतेच्या. "मग हो समजू का?" भाईदासांनी फोनमध्ये दोनदा विचारलं. आबांनी कधीचाच ठेवला होता.

घरी सरलाबाईंनी जेवायला वाढण्याआधी फॉर्म आणि पेन नवऱ्यापुढे ठेवलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "तुमचे तीस सेकंद सुरू झाले."

दहाव्या सेकंदाला भाईदासांचा हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला. विसाव्याला तो रिकामाच परत आला. एकोणतिसाव्या सेकंदाला त्यांनी सही केली. सहीखाली त्यांनी बारीक अक्षरांत "गावाच्या मंजुरीस अधीन राहून" असंही लिहिलं, पण सरलाबाई म्हणाल्या, असू दे, वडोदऱ्यात कोण वाचतंय.

शहाद्याच्या मंडळींना त्याच संध्याकाळी कळवलं, "घरी विचारून सांगतो." गेली तीस वर्षं हे वाक्य बोलताना भाईदासांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. यावेळी पहिल्यांदा माहीत होता, आणि शहादेकरांनाही तो बरोबर कळला; रविवारी ते आलेच नाहीत.

योगिता सोमवारी गेली. गाडी हलल्यावर भाईदास तिच्या खिडकीबरोबर फलाट संपेपर्यंत चालत गेले, आणि यासाठी त्यांनी कोणाचीही परवानगी घेतली नव्हती.

आपण भाईदासांना हसलात, हे योग्यच झालं. आता आपल्या कपाटातही साड्यांखाली किंवा जुन्या वर्तमानपत्राखाली एक कागद सहीविना घडी करून ठेवलेला असेल. कसला ते आपल्याला ठाऊक आहे. तीन प्रयत्न झाले, तेही ठाऊक आहे. तो आताच बाहेर काढा असं आमचं अजिबात म्हणणं नाही. घाई कसली? घरी विचारून सांगा.