दाढेची ओसी

माझी उजवीकडची खालची दाढ मेली. मेली म्हणजे रीतसर मेली. नस काढली, रूट कॅनल झालं, एक्स-रे निघाला. पण मरूनही ती जागा सोडेना, आणि लालबागच्या आमच्या चाळीत याचं कुणाला नवल वाटलं नाही. इथे भाडेपावत्या अजून स्वर्गवासी माणसांच्याच नावाने फाटतात.

दाढेत आता उरलं काय होतं? आत पोकळ, बाहेर भिंतीचा एक तुकडा. आणि गौरी तोंडावर आलेल्या. आमच्या घरात गौरीला तिखटाचा नैवेद्य, त्यात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणि पहिला डेंगा, म्हणजे त्यांची नांगी, थोरल्या सुनेने दातानेच फोडायचा. वरवंट्याला हात लावलात की मान धाकटीकडे गेला. माझी धाकटी जाऊ जाईबाई रोज सकाळी चौकशीला यायची. बोलायची माझ्याशी, बघायची गालाकडे.

चाळीच्याच तळमजल्यावर एव्हलिन डॉक्टरणीचा दवाखाना. ती म्हणाली, मुळात फायबरची पोस्ट बसवते आणि तिच्या आधाराने दाढ वर बांधून काढते. मी म्हटलं, बाय, चांगली लोखंडी मेख ठोक ना. तर म्हणते, "आजी, चावताना दाढ थोडी लवते. लोखंड लवत नाही, मग मूळ उभं चिरतं. फायबर दाढेसारखंच लवतं." कडक राहून घर फोडण्यापेक्षा लवलेलं बरं, हे मला पटलं. जाईबाईला कुणीतरी सांगायला हवं होतं.

पोस्ट सिमेंटने चिकटवली, वर निळी बत्ती धरली, आणि सिमेंट बघता बघता दगड झालं. चाळीच्या दुरुस्तीचं सिमेंट मी लग्न होऊन आले तेव्हापासून वाळतंय. वर कच्च्या सिमेंटने तात्पुरती टोपी बसवली. पक्की कॅप परळच्या लॅबमधून यायची होती. तोवर कडक काही खायचं नाही.

आणि नोटीस आली.

आमचे चेअरमन शामराव. चाळ रीडेव्हलपमेंटला गेल्यापासून या माणसाच्या झोपेत पण ठराव पास होतात. सर्व्हे झाल्यावर चाळीत नवीन बांधकाम करायचं नाही, सिमेंट वापरायचं नाही, असा नियम त्यांनीच केलेला. मी म्हटलं, शामराव, ही दाढ आहे.

"दिसतेय ना, काकी. पण नियमात सिमेंट असं लिहिलंय. कुठलं सिमेंट, ते लिहिलेलं नाही."

"अरे, पण ते माझ्या तोंडात आहे."

"आणि तुम्ही कुठे आहात? चाळीत."

मी शिवडीला बहिणीकडे जाऊन चावलं तर चालेल का, असं विचारलं. ते म्हणाले, मग तुम्ही खोलीत राहत नाही असं धरावं लागेल आणि नवा फ्लॅट जाईल. मी गॅलरीतच ठाण मांडून बसले.

नोटीस मागे घ्या म्हटलं, तर तिला नंबर पडलेला. नंबर पडलेली गोष्ट आणि पडलेला दात, परत कोण लावणार? म्हणून तोडगा निघाला: दाढेचं स्ट्रक्चरल ऑडिट. बिल्डरचा इंजिनीअर हितेंद्र आला. डोक्यावर हेल्मेट, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात हातोडी. मी आ केला. त्याने दाढेवर टक् करून मारलं आणि प्लास्टर पडलं. छताचं.

हितेंद्र घाबरला. चाळीत एकमेव मजबूत बांधकाम सापडलं होतं, तेही माझ्या तोंडात. तसं लिहिलं तर चाळ अतिधोकादायक कशी ठरणार आणि टॉवर कसा उठणार? पोरगं विचारी निघालं. त्याने दाढ अतिधोकादायक आहे असं लिहिलं आणि माझ्याच हातचा चहा पिऊन गेला.

अतिधोकादायक म्हटल्यावर दाढ रिकामी करायची ऑर्डर निघाली. म्हणजे उजवीकडचं चावणं बंद, सगळा घास डावीकडे. ट्रान्झिट कॅम्प, चाळ पाडताना भाडेकरूंना तात्पुरतं ठेवतात तसा. तिथे आधीच दोन दात, तेही एकमेकांचं तोंड न बघणारे. पोळीचा तुकडा तिकडे गेला की दिवसभर तिथेच. ट्रान्झिटला गेलेला माणूस आजवर परत आलाय का?

इकडे परळहून कॅप आली. एव्हलिन ती हातात घेऊन बसलेली. ती बसवायला शेजारच्या दातांची ना हरकत लागेल, असं शामराव म्हणाले. मी म्हटलं, आणा कागद. आणला, आणि मी तो चावला. शेजारच्या दोघांच्या सह्या स्पष्ट उमटल्या. शामरावांनी त्या उजेडात धरून तपासल्या आणि वरची सही थोडी पुसट आहे म्हणाले. मी पुन्हा चावला.

शेवटी गौरी आल्या त्या दिवशी परवानगी मिळाली. एव्हलिनने कॅप पक्क्या सिमेंटने बसवली आणि म्हणाली, आजी, आता चावा. शामराव दारातच उभे. "कॅप बसवायची परवानगी आहे, काकी. वापरायची नाही. वापरायला ओसी लागेल, भोगवटा प्रमाणपत्र."

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला. पाटावर ताट, ताटात कुर्ल्या, आणि जाईबाई वरवंटा पदराखाली घेऊन बसलेली. शामरावही जेवायला. नियम मोडतोय का ते बघायला म्हणून आलेले, रस्सा दोनदा घेतलेला. मी डेंगा उचलला.

"काकी, ओसी," ते घास गिळत म्हणाले.

"शामराव, तुम्ही चेअरमन इथले, पण झोपायला जाता करी रोडच्या टॉवरमध्ये. मुलाकडे. ना?"

"हो."

"त्या टॉवरला ओसी मिळाली?"

शामराव रश्श्यात बघायला लागले. "प्रोसेसमध्ये आहे."

"आणि पाणी?"

"टँकर येतो."

"मग तिथे झोपता कसे?"

"झोपायला काही प्रॉब्लेम नाही, काकी. सगळेच झोपतात."

मी डेंगा उजवीकडे ठेवला आणि चावले. खटकन आवाज झाला. जाईबाईचा चेहरा आधी उजळला, मग पडला. डेंगा फुटला होता. दाढ जागच्या जागी, जराशी लवून, परत सरळ. तेव्हापासून मी रोज तिच्यावर चावते. बेकायदेशीर.

तुम्ही हसताय ते दिसतंय मला. कितव्या मजल्यावर बसून वाचताय? जरा खाली जा आणि सेक्रेटरीला विचारा, आपल्या बिल्डिंगला ओसी आहे का. तो म्हणेल, प्रोसेसमध्ये आहे. मग लिफ्टने वर या, दार लावून घ्या, आणि माझ्या दाढेला पोटभर हसा.