केसाएवढी तार

या वेळी विमानाला खऱ्यासारख्या तारा लावायच्या, एवढंच कॅप्टनने ठरवलं होतं. त्यात काय वाईट होतं, तुम्हीच सांगा. पण काही माणसांनी काही ठरवण्याच्या भानगडीतच पडू नये, आणि त्या माणसांत कॅप्टनचा नंबर बराच वर लागला असता.

कॅप्टन हे नाव कचेरीतल्या लोकांनी ठेवलेलं. तो आवक-जावक विभागात कारकून होता आणि खरं विमान त्याने फक्त खालून पाहिलं होतं (स्टुलावर चढून बल्ब बदलतानाही त्याला गरगरायचं). पण घरी, जेवणाच्या टेबलावर, तो जुन्या काळातली शर्यतीची विमानं बनवायचा. पातळ फळ्या कापायच्या, तासायच्या, पॉलिश पेपरने घासायच्या, रंगवायच्या. बनवायचा म्हणजे बनवायला घ्यायचा. एका विमानाला चाकं नव्हती, एकाला शेपूट नव्हती, आणि एक तर नुसतंच नाक होतं. टेबलावर विमानतळ असल्यामुळे घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवत.

शेवटी बायकोने निर्वाणीचं सांगितलं.

"रविवारच्या प्रदर्शनात हे लाल विमान पूर्ण होऊन गेलं तर ठीक. नाहीतर सोमवारी टेबल माझं आणि सगळी विमानं भंगारवाल्याची."

"अगं, पण कलेला वेळ द्यावा लागतो."

"कलेला दिलात त्यातला अर्धा मला दिला असतात ना..." पुढचं तिने सांगितलं नाही, पण कढई ज्या आवाजात आपटली त्यावरून कॅप्टनला कळलं.

लाल विमान देखणं झालं होतं, यात शंका नाही. राहिल्या होत्या त्या फक्त तारा. असल्या जुन्या विमानांचे पंख पोटापासून आणि पाठीपासून ताणलेल्या तारांनी बांधून ठेवलेले असायचे. विमान टेबलावर मावेल एवढं लहान केलं, की तारही तेवढीच बारीक हवी. कॅप्टनने शिवणाचा दोरा लावून पाहिला. भिंगाखाली तो सुरवंटासारखा केसाळ दिसला. मासे पकडायची दोरी नको तिथे चमकली. तांब्याची तार वाकली ती वाकलीच. "केसाएवढी तार हवी, केसाएवढी," असं पुटपुटत तो घरभर फिरू लागला.

आणि त्याच आठवड्यात सासूबाई राहायला आल्या.

सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. बोलणं मोजकं, नजर चष्म्याच्या वरून, आणि कमरेखाली पोचणारे चंदेरी केस. त्या केसांचा त्यांना कोण अभिमान! "हे उन्हात पांढरे झालेले नाहीत," असं त्या वेणी पुढे घेऊन म्हणायच्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी पेपर वाचताना त्यांचा एक केस गळून पानावर पडला. कॅप्टनने पाहिलं. पट्टीने आखल्यासारखी सरळ, बारीक, पोलादी रंगाची रेघ! त्याने तो अलगद उचलून विमानाच्या पंखाला लावून पाहिला आणि त्याला अक्षरशः भरून आलं.

त्या दिवसापासून सासूबाईंनी विंचरून झाल्यावर बोटाला गुंडाळून टाकलेलं गुंतवळ कचऱ्यात जाईनासं झालं. ते कॅप्टनच्या शर्टाच्या खिशात जाऊ लागलं. पण त्यात एक अडचण होती. सासूबाई डोक्याला भरपूर तेल लावत, त्यामुळे एकेक केस रुमालाने घासून पुसल्याशिवाय गोंद चिकटेना.

"आई, तुम्ही केस कधी धुणार?" कॅप्टनने विचारलं.

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का? वास येतो?"

"छे छे! सहज आपलं. ऊन छान पडतंय हल्ली."

संध्याकाळी तो शाम्पूची भली मोठी बाटली घेऊन आला. "तुझा नवरा फार मायाळू आहे हं," सासूबाई लेकीला म्हणाल्या. लेकीला नवऱ्याने आजवर साधी क्लिपसुद्धा आणली नव्हती. ती धुवायचे कपडे गोळा करायला गेली आणि तशीच परत आली. तिच्या चिमटीत एक केस होता.

"हा तुमच्या शर्टावर सापडला. कोणाचा?"

"कचेरीतला असेल. फायलीवरचा."

"फायलींना केस फुटले? एवढे लांब? आणि पांढरे? आईचा म्हणावा तर याला तेल नाही!" बायको खाली बसली. "लोकांच्या नवऱ्यांच्या शर्टावर काळे केस सापडतात हो. तुमचं तेही धड नाही!"

कॅप्टनने तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगितलं तर तारा बंद होणार, तारा बंद झाल्या तर विमान अपुरं राहणार, आणि अपुरं राहिलं तर भंगारवाला. तो गप्प बसला. बायकोने त्या गप्प बसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि दोन दिवस वाढण्यापुरतंच बोलली.

शनिवार उजाडला. बाकी तारा कशाबशा लागल्या होत्या, एकच राहिली होती. तीच सगळ्यांत लांब, आणि गुंतवळातला एकही केस सरळ उरला नव्हता. दुपारी सासूबाईंनी नवा शाम्पू लावून केस धुतले आणि बाल्कनीत आरामखुर्चीत डुलकी काढली. केस खुर्चीच्या पाठीवरून मोकळे सोडलेले. बिनतेलाचे! कॅप्टन चिमटा घेऊन चवड्यांवर मागे गेला. त्याने एक केस निवडला, श्वास रोखला आणि उपटला.

"आई गं! जावईबापू?"

कॅप्टनला म्हणायचं होतं, "ऊन आलंय तुमच्यावर, खुर्ची सरकवतो." वाक्य चांगलं होतं. पण भीतीने त्याचा घसा बसला आणि तोंडातून फक्त पहिलं अक्षर बाहेर पडलं.

"ऊ..."

"काय?" सासूबाई ताडकन उठल्या. "ऊ? माझ्या डोक्यात?"

कॅप्टनच्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात त्यांचा केस. त्याने दोन्हींकडे पाहिलं आणि मान डोलावली. "हो. काढली मी."

आता, सासूबाईंची सगळी नोकरी मुलींच्या शाळेत गेलेली. डोक्यात ऊ सापडली की मुलगी घरी, असा त्यांचा दरारा. त्या तडक आत गेल्या. बायकोने उशांचे अभ्रे उकळायला टाकले, कंगवे उकळले, आईचं डोकं वीतवीत तपासलं. काही सापडेना.

"एकच होती वाटतं," कॅप्टन म्हणाला.

तेवढ्यात सासूबाई पर्स घेऊन निघून गेल्या. परत आल्या तेव्हा केस कानापर्यंत कापलेले होते. मान एकदम उघडी आणि लहान मुलीसारखी दिसत होती. ती मान कॅप्टनने पाहिली. टेबल गेलं तरी चालेल, विमानं गेली तरी चालतील, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने लाल विमान त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं.

"मला 'ऊन' म्हणायचं होतं हो, आई. 'न' घशातच राहिला."

"एका 'न'पायी माझी वेणी गेली," सासूबाई म्हणाल्या. "केसाने गळा कापतात हे मी मुलींना वाक्प्रचार म्हणून शिकवत होते."

"म्हणजे तो शर्टावरचा केस आईचा?" बायको ओरडली. "आणि मी दोन दिवस तुमच्या कचेरीतल्या म्हाताऱ्या बायका आठवत बसले!"

सासूबाईंनी भिंग उचललं आणि उत्तरपत्रिका तपासावी तसं विमान तपासलं. "ही सैल आहे. ही तिरपी. ही तर काढाच." मग त्यांनी पर्स उघडून पार्लरवालीने दोऱ्याने बांधून दिलेली वेणी काढली. "घ्या. यातला लांब केस बघून लावा. आणि विचारल्याशिवाय कोणाच्या डोक्याला हात लावू नये, एवढं पहिलीतल्या मुलांनाही कळतं." एवढं बोलून त्या चिमटा घेऊन स्वतःच कॅप्टनच्या खुर्चीत बसल्या. जेवणाआधी विमान पुरं झालं.

प्रदर्शनात परीक्षकांनी लाल विमानापुढे बराच वेळ काढला. "तारा अप्रतिम! असा माल बाजारात मिळत नाही. कुठून आणलात?" कॅप्टनने सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्यांनी मानेवरून हात फिरवला. "पण," परीक्षक भिंगात डोळा घालून म्हणाले, "तार पंखाला टेकते तिथे गोंदाचे बारीक पांढरे थेंब राहिलेत. ओळीने. अगदी लिखांसारखे दिसतात." आणि त्यांनी दुसरा नंबर दिला.

"ऐकलंत?" सासूबाई म्हणाल्या. "ऊ खोटी होती, पण लिखा खऱ्या निघाल्या."

टॅक्सीत त्या पुढे बसल्या, मांडीवर बक्षिसाची ढाल घेऊन. पुढचं विमान दुहेरी पंखांचं करायचं, वेणी बरीच उरली आहे, असं त्यांनी जाहीर केलं. म्हणजे टेबल काही सुटत नव्हतं. बायको मागे कॅप्टनच्या शेजारी खिडकीतून बाहेर पाहत होती. टॅक्सी सिग्नलला थांबली, तशी ती एकदम वळली.

"जरा डोकं इकडे करा बघू."

"का?"

"खात्री केलेली बरी."

"अगं, माझ्या डोक्यावर केस कुठे आहेत?"

"म्हणून तर म्हटलं," बायको म्हणाली, "सिग्नल सुटायच्या आत बघून होईल."