घोड्यामागचा सोपान

पडद्यावर घोडा दिसला की सोपान खुर्चीतून ताडकन उठायचा. मागचे लोक ओरडले, की वळून त्यांनाच दटावायचा, "गप बसा राव, मी वाजतोय!"

सोपान आमच्या पिंपरीच्या कंपनीत लेथवर होता. रजा टाकून मुंबईला जायचा आणि सिनेमाच्या पार्श्वसंगीतात गिटार वाजवायचा. तेव्हा डाकूंचे सिनेमे जोरात होते. डाकू घोड्यावर बसला, की मागे अमेरिकेतल्या गुराख्यांची असते तसली गिटार लागायची. ती याची. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर नाव मात्र कधी आलं नाही. त्या गुराख्यांसारखी रुंद काठाची टोपी घालून तो सायकलवर कामाला यायचा, आणि सुटताना गेटवरचा वॉचमन रोज ती उलटी करून आत बघायचा.

पण गडी भलताच काटेकोर. कँटीनच्या रेडिओवर गिटार वाजली आणि कुणी विचारलं, "सोपान, ही तुझी का रे?" तर हा घास खाली ठेवायचा. "न्हाई. दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवायचं न्हाई." एकदा मॅनेजरसाहेबांनी पाहुण्यांपुढे त्याचं असंच कौतुक केलं, तर यानं चहा गार होईपर्यंत पाहुण्यांना खऱ्या वादकाची माहिती पुरवली. साहेब पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

त्याचे वडील आबा कुरुळीला शेती करायचे. त्यांना ही सगळी थेरं वाटत. "तमाशात मानूस दिसतो तरी. तू दिसत न्हाईस, ऐकू येत न्हाईस. मग करतोस काय?" सोपानला शाबासकी हवी होती ती फक्त यांची. खूप मिनतवाऱ्या करून एकदाचं त्यानं आबांना चिंचवडला मॅटिनीला आणलं. सोबतीला मी.

घोडे आलेच नाहीत. दुसऱ्या शिफ्टचे लोक वेळेत कामावर पोचावेत म्हणून थेटरवाला मॅटिनीला एक रीळ गाळायचा. नेमकं घोड्यांचंच गाळलं. डाकू घरातून निघाला तो थेट तुरुंगात. सोपान अर्धा उठला होता, तसाच खाली बसला. मला त्याच्याकडे बघवेना.

शेवटी नायिकेचं लग्न लागलं. सनई सुरू झाली. आबा पुढे झुकले, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि लेकाच्या मांडीवर हात ठेवला.

"ह्ये तूच का रं?"

मी मनात म्हटलं, आता हा सनईवाल्याचं नाव-गाव सांगणार!

सोपाननं डोक्यावरची टोपी काढली.

"व्हय आबा," तो म्हणाला. "मीच."