बुलबुलाच्या घरची पंगत

चहाचा कप खाली ठेवून जयसिंगने बुलबुलावर पक्षपाताचा आरोप केला.

"रेश्मा, ही बया दोघांनाच वाढती बग. मधल्याच्या पानात कायबी पडत न्हाई."

पडवीत टांगलेल्या मनीप्लँटच्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं होतं आणि त्यात तीन पिल्लं होती. आई किंवा बाप किडा घेऊन आला की कडेची दोन पिल्लं माना ताणून, लाल चोची फाकवून असा कालवा करायची की समोरचे शेजारी खिडकी लावून घ्यायचे. जो जास्त ओरडेल त्याच्या घशात किडा. मधलं पिल्लू मात्र डोळे मिटून गप्प.

दुसरा कोणी असता तर 'चालायचंच' म्हणून त्याने कप पुन्हा उचलला असता. पण जयसिंग हा भरे या गावातल्या वाढप्यांचा म्होरक्या होता. गावात बुफे आला होता, तरी ज्याला पंगतच घालायची असेल तो आधी जयसिंगची सवड विचारायचा आणि मग भटजींची. जयसिंगचा सिद्धान्त साधा होता. मागणारा खातोच, गप्प बसणाऱ्याच्या पानात आधी वाढायचं. या सिद्धान्तापायी, 'नको' म्हणून पत्रावळीवर आडवे धरलेले हात त्याने कधी जुमानले नव्हते. गरम आमटी हातावरूनच जायची. घोटावड्याचे एक व्याही अजूनही त्याला लांबूनच रामराम घालत.

"उपाशी मरंल ते," जयसिंग म्हणाला.

"आवं, आई हाय की त्याची. तिला कळतंय."

"तिला वाढप येत न्हाई."

वरच्या खोलीत भाड्याने राहणारा अरहान दात घासत खाली आला. कंपनीत त्याची दुसरी पाळी होती, त्यामुळे सकाळी त्याला दुसऱ्यांच्या भानगडीत पडायला वेळ असे. त्याने मोबाइल बघून सांगितलं, "दादा, पक्ष्यांत असंच असतं. जो जास्त ओरडतो, त्यालाच भरवतात."

"म्हंजी चूक पार वरपासून हाय," जयसिंग म्हणाला आणि शिडी आणायला गेला.

"दयानंदभाऊजींच्या वास्तुशांतीची पंगत हाय आज!" रेश्मा ओरडली.

"दुपारी हाय ती. तवर हितली उरकतो."

रेश्माचा भुवयांचा चिमटा आणि त्यात एक बारका नाकतोडा घेऊन जयसिंग शिडीवर चढला. लगेच बुलबुलाने त्याच्या टकलावर चोच मारली. तो खाली उतरला, हेल्मेट घालून पुन्हा चढला. काच खाली केली तर पिल्लं दिसेनात, वर केली तर नाक उघडं पडे. शेवटी त्याने नाकाचा विचार सोडला.

"घे बाळा, लाजू नगं. येवढा येकच. माझी शपथ हाय तुला."

मधल्याने शपथ मोडली. कडेच्या दोघांनी नाकतोडा खाल्ला आणि चिमट्याचं टोकही चाखून पाहिलं. मग अरहानला शिडीच्या वरच्या पायरीवर लटकवून, त्याच्या हाती चहाची गाळणी देण्यात आली. दोन्ही आगाऊ पिल्लांसमोर त्याने गाळणी धरायची आणि तेवढ्यात जयसिंगने मधल्याला आग्रह करायचा, असं ठरलं. मधल्याने एक डोळा उघडला, गाळणी पाहिली आणि पुन्हा मिटून घेतला.

या आग्रहात दुपार झाली. हेल्मेटमुळे जयसिंगला फोनही ऐकू आला नाही. शेवटी पितांबर सावरत खुद्द दयानंदच आला. ज्याच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती तोच अनवाणी आलेला बघून जयसिंग शिडीवरच गहिवरला.

"दयानंदा, माफ कर. पंगत खोळंबली का रं?"

दयानंदने शिडी, हेल्मेट आणि गाळणी नीट पाहून घेतली. "न्हाई न्हाई. तुजं चालू दे. किती येळ लागंल?"

"हे खाईस्तवर."

"मग सावकाश होऊ दे. गडबड न्हाई."

त्याच्यामागून जेवण झालेली माणसंही आली. त्यांना प्रकार कळला आणि सगळे भलतेच मदतीला लागले. कोणी बांधावरून नाकतोडे आणले, कोणी अळ्या, कोणी शिडी धरली. घोटावड्याच्या व्याह्यांनी तर पहिल्यांदाच जवळ येऊन एक गांडूळ दिलं. "अजून लागलं तर सांगा," ते म्हणाले.

गावाचं हे प्रेम बघून जयसिंगने चिमट्यासकट हात जोडले. तेवढ्यात रेश्मा म्हणाली, "आवं, ती दोगंबी गप झाली की."

खरंच. कडेची दोन्ही पिल्लं माना टाकून बसली होती. आई-बाप समोरच्या तारेवर, चोचीत अळी धरून. खाली माणसांचा बाजार भरल्यावर ते येणार कसे? जयसिंगच्या तेव्हा ध्यानात आलं: एका पानासाठी आपण अख्खी पंगत उठवली.

"सगळ्यांनी आत!" रेश्माने हुकूम सोडला.

शिडी हलली. पितांबरासकट सगळा जमाव बैठकीच्या खोलीत कोंबला गेला आणि खिडकीच्या जाळीला नाकं लावून उभा राहिला. जयसिंगला हेल्मेट काढायची शुद्ध नव्हती. तारेवरचं बुलबुल हललं. उडालं. भलतीकडेच गेलं. "गेली वो ती," कोणीतरी म्हणालं, आणि त्याला चौघांनी गप्प केलं.

मग ते अलगद कुंडीच्या काठावर उतरलं.

मधलं पिल्लू उठलं. उठलं म्हणजे, दोन्ही भावंडांच्या डोक्यांवर पाय देऊन उभं राहिलं आणि इतक्या जोरात ओरडलं की व्याही दचकले. अळी त्याच्या घशात गेली. मागून बाप आला, त्याने कडेच्यांना दिलं. तिन्ही चोचींचा कालवा पुन्हा सुरू झाला आणि जयसिंग हेल्मेटमध्ये हमसून रडला.

"लागली येकदाची भूक त्याला!"

"येकदाची?" रेश्मा म्हणाली. "रोज पाटं तुमी घोरत असताय, तवा ह्योच दांडगोबा दोघांना तुडवून खातोय. तुमी उठस्तवर प्वाट तट्ट फुगलेलं. मग झोपतंय."

"म्हणजे दादा," अरहान गाळणी निरखत म्हणाला, "ते जेवून बडीशेप खात बसलं होतं आणि आपण पहिला घास भरवत होतो."

जयसिंगला एवढं हलकं वाटलं की लाजायचं राहूनच गेलं. मग त्याला मांडव आठवला. "दयानंदा, पंगतीचं काय झालं असंल रं माज्याबिगर?"

दयानंद पितांबराचा काठ बघू लागला. "झाली."

"झाली म्हंजी?"

"ज्याला जे पायजे ते त्यानं वराडून मागितलं. मिळालं. खाल्लं. उठला."

"आन पानं?"

"शीतबी टाकलं न्हाई कुणी." त्याने पितांबर सावरला. "आन सगळी आपापल्या पायानं उठली. आमी फकस्त बगायला आलो व्हतो, तू दुसऱ्या पंगतीला येतोयस का ते."

व्याही खिडकीतून बाहेर बघू लागले.

दुसऱ्या पंगतीला जयसिंग आला, पण जेवायला. कितीतरी वर्षांनी तो पत्रावळीसमोर बसला. रीतीप्रमाणे नजर खाली, हात मांडीवर. आता आग्रह होईल. वाढपी आले. डावीकडचा "भात!" ओरडला, त्याला भात पडला. उजवीकडचा "पुरी!" ओरडला, त्याला पुरी. जयसिंगच्या पानात मीठ आणि लिंबाची फोड. आमटी आली, गेली. भाजी आली, गेली. बुंदीची परात त्याला ओलांडून रांगेच्या टोकाकडे निघाली.

जयसिंगने मान ताणली, तोंड फाकवलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "बुंदीऽऽ!"

आणि बुंदी आली.